हरणांनी सोडलेली झाडं

गुलाबाच्या वाफ्यात सकाळी नुसत्या काड्या उरल्या होत्या. कळ्या गेल्या, पानं गेली, कोवळे शेंडेही कात्रीने छाटावेत तसे गेले. माळीबाबा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले आणि एक काडी बोटांत धरून बघत राहिले. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, एकदा खाली बसले की उठायला कुणीतरी लागायचं. सून आली, काखेत हात घालून तिने त्यांना उठवलं.  रोजचंच झालं होतं हे.

दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी होता. छातीच्या आजाराची माणसं तिथे महिनोन्‌महिने पडून असायची. समोरची बाग हाच त्यांचा विरंगुळा. यंदा वरचं रान लवकर करपलं, ओढा आटला आणि हरणं खाली उतरली. बागेला भिंत होती, पण ती भिंत म्हणजे माणसांची समजूत. हरणं उभ्या उभ्या पलीकडून अलीकडे यायची. आधी जास्वंद गेली, मग शेवंती, आता गुलाब.

दुपारी मेट्रनबाई स्वतः येऊन बघून गेल्या. बाई कडक, पण दुष्ट नव्हत्या.

"माळीबाबा, मला काही बागेचं वैर नाही," त्या म्हणाल्या. "पण उन्हाळा सरला की वरची माणसं पाहणीला येणार. त्यांना मी या काड्या दाखवू का? तोवर बाग उभी राहिली तर राहिली. नाहीतर फरशी घालून टाकू. गाड्या तरी लागतील."

फरशीला माळी लागत नाही. आणि माळी नाही तर पंपघरामागच्या माळ्याच्या दोन खोल्याही नाहीत. हे बाई बोलल्या नाहीत. बाबांना मात्र ते स्पष्ट ऐकू आलं.

त्या दोन खोल्यांत तिघं राहत. बाबा, सासूबाई आणि सून. मुलगा दूर कुठेतरी रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. "तो जगाला रस्ते करून देतो आणि घरचा रस्ता तेवढा विसरतो," असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाई दवाखान्याच्या मुदपाकखान्यात भांडी घासत. कंबरेत उसण भरलेली ती कायमचीच, चालताना एक पाय किंचित ओढत चालायच्या. पण 'दुखतंय' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. सगळ्यांचं दुखणं आपल्यालाच कळतं आणि आपलं कुणाला कळता कामा नये, अशा जातीच्या त्या बाई होत्या.

बाबांचे गुडघे गेल्यापासून बाग सूनच बघायची. ती दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून मागच्या फाटकातून निघाली.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"हरणांच्या मागे."

"हात जोडून सांगणार का त्यांना, आता येऊ नका म्हणून?"

"ती काय खात नाहीत ते बघून येते, बाबा. काय खातात ते तर रोजच बघतोय."

हरणांची वाट सापडायला वेळ लागला नाही. लेंड्या होत्या, खुरांचे ठसे होते. झुडपं मान पुरेल तिथवर ओरबाडलेली आणि वर हिरवी, म्हणजे टोपी घातल्यासारखी. जमीन चाटूनपुसून स्वच्छ. पण मधेच कुठेतरी एखादं झुडूप अख्खंच्या अख्खं उभं दिसायचं, एका पानाला दात नाही. सून तिथे थांबायची. पान तोडायची, चुरडायची, वास घ्यायची. टणटणी होती, नारिंगी-गुलाबी फुलांनी भरलेली, पण वास असा की डोकं धरावं. पानओवा होता, जाड, लवदार, उग्र. पडक्या झोपडीशी सदाफुली माजली होती. चाफ्याची फांदी मोडली तर पांढरा चीक बोटांवरून मनगटापर्यंत आला. कोरड्या ओढ्यात कण्हेर फुललेली, तिला तर हरणांनी हुंगलंही नसेल. तिचं पान मात्र सुनेने चुरडलं नाही. कण्हेरीचं विष तिला ठाऊक होतं.

जे वासाचं, जे चिकाचं, जे लवेचं, ते हरणांनी सोडलेलं. आणि सोडलेल्यात जे देखणं, ते आपलं. एवढा साधा हिशेब तिने उन्हात उभ्या उभ्या केला आणि कोयत्याने फांद्या छाटून मोळी बांधली. संध्याकाळी ती परतली तेव्हा हाताला चिकाने फोड आले होते.

बाबांनी मोळी सोडून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"हे आणलंस? अगं, जन्मभर मी ही टणटणी उपटून टाकत आलो. आता तिला मानाने वाफ्यात बसवू?"

"हरणं नाही खात तिला. कण्हेरीलाही नाही."

"कशी खातील? त्यांना नाक आहे. आणि आपल्या रोग्यांना काय नाक नाही? आधीच बिचाऱ्यांना श्वास पुरत नाही."

"हात लावला नाही तर वास येत नाही तिचा. बाकाजवळ नाही लावायची. बाकाजवळ सदाफुली."

"आणि कण्हेर? कुणी पान तोंडात घातलं म्हणजे?"

"तिच्या फांद्या आणल्याच नाहीत, नुसतं सांगितलं. लावलीच तर भिंतीबाहेर, रस्त्याच्या अंगाला."

बाबा पुटपुटत आत गेले. दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांचा राग कुणावर होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गुलाबांची कलमं त्यांनी स्वतः बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी सुनेने ती मुळासकट काढली तेव्हा ते पंपघराच्या पलीकडे जाऊन बसले. कुदळीचा आवाज तिथेही येत होता. सुनेलाही वाईट वाटत होतं. प्रत्येक खुंट काढताना ती उगीचच इकडे तिकडे बघत होती, आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं.

पण माळी तो माळीच. वाफ्यात रोपं लागायला लागली, तसा म्हाताऱ्याला दम निघेना. काठी टेकत आले.

"अगं, अशी लावतात का? इथे गुलाबी, तिथे गुलाबी. आठवडी बाजार आहे का हा? सगळी पांढरी सदाफुली पुढे घे. तिच्यामागे गुलाबी. चाफा कोपऱ्यात, त्याला एकट्याला राहू दे, तो गर्दीत शोभत नाही. आणि या रानटी बाईला..." त्यांनी काठीने टणटणीला डिवचलं, "कात्री माझ्याकडे दे. हिला मी माणसात आणतो."

आणि आणलं त्यांनी. खुर्चीवर बसून त्यांनी टणटणीचे असे गोल गरगरीत झुबके केले की वॉर्डातली माणसं खिडकीशी येऊन बघायला लागली. पानओव्याची किनार वाटेच्या दोन्ही बाजूंनी गेली. पुढे झेंडू पेरला. मागच्या उंच ओट्यावर राहिलेली रोपं लावून टाकली.

प्रश्न पाण्याचा होता. टाकीचं पाणी फक्त वॉर्डांसाठी, असा हुकूम होता. हातपंप उताराच्या तळाशी. सून दोन खेपा करायची, त्यात तिचा जीव अर्धा व्हायचा.

"पाण्याची काळजी करू नका," सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या. "मुदपाकखान्यात रोज घमेलंभर पाणी मोरीत जातं. बटाटे उकडलेलं, भाज्या घालून ठेवलेलं, पातेली विसळलेलं. मी आणते."

"साबणाचं?" बाबांनी विचारलं.

"साबणाचं कसं आणीन? मी काय वेडी आहे?"

त्या दिवसापासून सासूबाईंची पाळी सुटली की त्या दोन हातांत दोन बादल्या घेऊन यायच्या. पाय ओढत, मधे मधे थांबत, पण थांबलोय असं न दाखवता. पदर नीट करायचा म्हणून थांबायचं, आभाळाकडे बघायचं म्हणून थांबायचं. आणि झाडांना पाणी घालायची त्यांची एक रीत होती. "आधी तोंड धुवायचं, मग पाणी प्यायचं," असं म्हणत त्या मगाने पानांवरून पाणी सोडायच्या. धूळ जायची, पानं चकचकायची. "बघ कशी हसतात," त्या सुनेला म्हणायच्या. त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात बादलीच्या कडीने लाल वळ उठलेले असायचे. सुनेने एकदा तेल लावू का विचारलं तर हात काढून घेत म्हणाल्या, "माझ्या हातांना काय झालंय?"

बाग धरली. झेंडूला कळी आली. मेट्रनबाई येता जाता थांबू लागल्या. घरात पुन्हा चेष्टामस्करी सुरू झाली.

आणि एका सकाळी पांढरी सदाफुली ओरबाडलेली दिसली.

सुनेचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पानओवा गेला. मग चक्क टणटणीचे शेंडे. झेंडूची रोपं तर मुळासकट उपटून इकडेतिकडे फेकलेली. जी झाडं रानात हरणं ढुंकून बघत नव्हती, तीच इथे येऊन खात होती.

"भुकेला काय कडू आणि काय गोड," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. सुनेला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात फरशीवाले गवंडी आले. दोरी लावून त्यांनी माप घेतलं आणि चुन्याच्या फक्कीने वाफ्यांवरूनच रेघा ओढल्या. एक रेघ बाबांच्या झुबक्यावरून गेली, अर्धा झुबका पांढरा झाला. बाबा खुर्चीवरच बसून होते. एक गवंडी म्हणाला, "आजोबा, खुर्ची जरा मागे घ्या, रेघ तिकडून जातेय." बाबांना उठता येईना आणि कुणाला हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी गवंड्यानेच खुर्ची बाबांसकट उचलून बाजूला ठेवली. खिडकीतून रोगी बघत होते. सून बादली घेऊन आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती अंधार फिटायच्या आत उठली आणि पंपघराच्या आडोशाला जाऊन बसली. उजाडता उजाडता हरणं आली. भिंतीवरून एकेक अलगद उतरलं. आल्या आल्या खायला लागतील असं तिला वाटलं होतं. पण ती खात नव्हती. मान खाली घालून चाटत होती. पान चाटायचं, उलटून चाटायचं, वाफ्याची माती चाटायची. चाटता चाटता पान दातात यायचं आणि तुटायचं, मग थोडं चावून टाकून द्यायचं. मागच्या उंच ओट्याकडे मात्र एकही गेलं नाही. तिथली सदाफुली, तिथली टणटणी जशीच्या तशी होती.

त्या ओट्याला तीन उंच पायऱ्या होत्या. सासूबाईंना त्या चढवत नसत.

हरणं गेल्यावर सून वाफ्यापाशी आली. सदाफुलीचं एक पान तिने जिभेच्या टोकाला लावलं. कडू लागायच्या आधी खारट लागलं.

 बटाटे उकडायच्या पाण्यात मीठ. कोबी-फ्लॉवरातल्या अळ्या निघाव्यात म्हणून घालून ठेवायचं त्या पाण्यात मूठमूठ मीठ. आणि ते पाणी रोज, मायेने, पानांवरून. हरणांना मिठाचं वेड असतं हे तिला माहीत होतं. आपण त्यांना ताट वाढून ठेवत होतो हे मात्र आत्ता कळत होतं.

तिने बाबांना एकट्यात गाठून सांगितलं. 

"आता हिला कोण सांगणार?" ते म्हणाले.

"तुम्ही."

"मी? तिला 'भाजीत मीठ जास्त झालं' हेसुद्धा मी आजवर सांगितलेलं नाही. तूच सांग, बाई."

सून सांगणार होती. खरंच सांगणार होती. पण संध्याकाळी सासूबाई बादल्या घेऊन आल्या. दारापाशी क्षणभर टेकल्या आणि म्हणाल्या, "हात पहिल्यासारखा चालत नाही आता. पण निदान पाण्याचं तरी मी बघतेय."  त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सुनेच्या तोंडातून भलतंच निघून गेलं.

"आई, हे पाणी आता पंपघराच्या पलीकडे त्या खडकापाशी ओतत जा. तिथे... तिथे पुढे काहीतरी लावायचंय. जमीन मऊ व्हायला हवी."

"खडकाची?"

"हो."

सासूबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग बादल्या उचलून त्या निमूटपणे खडकाकडे गेल्या.

सून आता हातपंपाचं पाणी आणू लागली. पहाटे चार खेपा, संध्याकाळी चार. आधी पानं धुतली, मग वरची माती खरवडून काढली. खांदे आंबून गेले. तिला वाटलं, यातून कुणाला काही कळणार नाही. पण घरात बादली कुठून भरली आणि कुठे रिकामी झाली हे ज्या बाईला कळत नाही ती सासू कसली? सासूबाईंनी बघितलं की त्यांचं पाणी खडकावर जातंय आणि सून उतारावरून दुसरं पाणी वाहतेय. मरमर करील, पण आपलं पाणी घेणार नाही.

 त्या तुटक वागायला लागल्या. आधी सगळे एकत्र जेवत. आता "मला भूक नाही, मी मागून जेवेन" सुरू झालं. एकदा सून भाकरी करत होती, तर म्हणाल्या, "करशील ना तूच? मी केलेली चालेल की नाही, कुणास ठाऊक." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीच्या धुरावर तिने ते ढकललं. बाबा दोघींच्या मधे बसून कात्रीला धार लावत राहिले. तिला इतकी धार त्यांनी याआधी कधी लावली नव्हती.

बाग मात्र सावरत होती. पहिल्या काही दिवसांत हरणं येऊन हुंगून गेली, मग वाफ्यात फिरकेनाशी झाली. पांढरी सदाफुली पुन्हा फुटली. झेंडूच्या राहिलेल्या रोपांनी दुप्पट जोर केला. बाबांनी चुन्याचा झुबका छाटून छाटून हिरवा केला. फक्कीच्या रेघांवरून पानओवा पसरला. बाई दोनदा येऊन बघून गेल्या, फरशीचं मात्र नाव काढेनात. ना हो म्हणत, ना नाही. गवंड्यांचं सामान तसंच कोपऱ्यात पडून होतं. सून रोज सकाळी आधी वाफे बघायची आणि मग ते सामान.

एके दिवशी सासूबाईंची सकाळची पाळी होती. मुदपाकखान्यात जाताना त्या वाकडी वाट करून खडकावरून गेल्या. एवढं पाणी ओततोय तर तिथे लावलंय तरी काय, हे त्यांना बघायचं होतं. झाडाचं तर सोडाच, गवताची काडीसुद्धा तिथे नव्हती. खडकावर पांढरा थर धरला होता. आणि हरणं तो चाटत होती. पाचसहा मोठी, एक पाडस. सासूबाईंची चाहूल लागली तरी ती हलली नाहीत. त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी मुदपाकखान्यात त्यांना पहिल्यांदाच उशीर झाला.

दुपारी मेट्रनबाई बागेत आल्या. बरोबर फरशीचा मुकादम होता. सून वाफ्यात खुरपं घेऊन बसली होती, बाबा खुर्चीवर. सासूबाई पाळी सुटून बादल्या घेऊन निघाल्या होत्या, त्या वाटेत थांबल्या.

"बाग तर छान झालीय," बाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा. मधे याच झाडांची धूळधाण झाली होती. आता हरणं येत नाहीत, ती का? उद्या मी यांना परत पाठवलं आणि परवा पुन्हा सगळं साफ झालं, तर मी तोंडावर पडेन. काय केलंत तुम्ही?"

सून उभी राहिली. हाताची माती लुगड्याला पुसत ती म्हणाली, "काही नाही, बाई. पानं... जून झाली. आता कडू लागतात."

"तेव्हा नव्हती कडू?"

 बाबा खाली बघत होते. मुकादमाने खिशातून टेप काढला.

"मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या. "मुदपाकखान्यातलं मिठाचं पाणी मी घालत होते. रोज, पानांवरून. हरणं ते चाटायला येत होती. हिने ते ओळखलं, माझं पाणी तिकडे खडकावर वळवलं, आणि इथलं सगळं खालच्या पंपावरून डोक्यावर वाहून आणलं. झाडं चांगलीच निवडली होती हिने. चूक झाडांची नव्हती आणि हिचीही नव्हती. माझी होती."

बाईंनी सुनेकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं. "आणि आता?"

"आता हरणं खडकावर जातात. आज सकाळी मी डोळ्यांनी बघून आले."

बाई मुकादमाकडे वळल्या. "सामान घेऊन जा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून बाबांना म्हणाल्या, "माळीबाबा, ही गोल झाडं कशाची हो?"

"टणटणी," बाबा म्हणाले.  बाई हसल्या आणि गेल्या.

सून सासूबाईंपाशी आली. मान वर करायचा तिला धीर होत नव्हता.

"आई, मी सांगणार होते. पण तुम्ही इतकं... मला वाटलं, तुम्हाला लागेल."

"लागेल?" सासूबाईंचा आवाज चढला. "आणि जे लागलं ते काय कमी होतं? इतके दिवस मी अंथरुणावर पडून एकच विचार करत होते. हात चालत नाहीत, पाय चालत नाहीत, आता माझ्या हातचं पाणीही यांना नको. म्हातारीला घरातून काढायचं कसं, म्हणून खडकाकडे पाठवतात. अगं, माझं चुकलं, एवढंच होतं? चुकणं परवडलं मला! चूक त्याचीच होते, जो काम करतो. सांगायचं होतंस तोंडावर. शिव्या घालायच्या होत्यास. पाहुणीला सांभाळतात तसं काय सांभाळत बसलीस?"

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. सुनेने खाली बसून त्यांचे दोन्ही हात धरले. अंगठ्याच्या बेचक्यातले वळ आता घट्ट्यांसारखे झाले होते. या वेळी सासूबाईंनी हात काढून घेतले नाहीत.

"दुखतात," त्या म्हणाल्या. "रात्री तर फार दुखतात."